दुकानाच्या पाटीवरचा नंबर

मोबाइल विकणं म्हणजे काम नव्हे, नुसतं बोलणं, असं माझ्या सासूबाईंचं ठाम मत होतं. "दिवसभर बडबड करतेस, घरी येतेस तेव्हा घसा बसलेला, आणि म्हणे नोकरी," असं त्या काचीगुड्याच्या आमच्या घरी येईल-जाईल त्याला सांगायच्या. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. बोलावं तर लागतंच. पण आपलं बोलून झाल्यावर समोरच्याचा फोन वाजला पाहिजे, ही त्यातली खरी मेख. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी सेठशी भांडले, कंपनीच्या लोकांशी भांडले, प्रसंगी गिऱ्हाइकांशीही भांडले. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला "गोड आठवणी" लिहायला सांगितलंय. माझ्याकडे बहुतेक भांडणंच आहेत. दिवाळीच्या ताटात चिवडाही असतो, असं समजून वाचकांनी गोड मानून घ्यावं.

आमचं घराणं मूळचं उदगीरकडचं. आजोबा कामधंद्यासाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे घरात मराठी, गल्लीत दखनी आणि भाजीच्या गाडीवर तेलुगू, अशा तीन भाषा मला फुकटात मिळाल्या. नारायणगुड्याच्या ज्या दुकानात मी उभं आयुष्य काढलं, तिथे हेच माझं भांडवल होतं. दुकान आधी रेडिओ, टीव्ही, मिक्सरचं. परदेशी मालाला दारं उघडली, मोबाइलच्या कंपन्या शहरात आल्या आणि आमच्या सेठनी मिक्सर मागच्या फळीवर ढकलून पुढच्या काचेत मोबाइल मांडले. सेठचं नाव वीरेशम. कपाळाला नेहमी कुंकू, अंगात पांढरा शर्ट आणि आवाज असा, की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला उठून फोन करायची गरज नसे.

सेठनी मला बसवलं कव्हर आणि चार्जरच्या काउंटरवर. हँडसेटच्या काउंटरवर प्रसाद नावाचा टापटीप पोरगा. मी विचारलं, "मी का नाही?" तर म्हणाले, "वो मशीन है मॅडम. लेडीज का काम नै."

"मिक्सर पण मशीनच होता सेठ. तो इतकी वर्षं कोण विकत होतं?"

यावर त्यांनी पेपर उघडला. अडचणीचा प्रश्न आला की सेठ पेपर उघडत.

पण त्या कव्हरच्या काउंटरने मला जेवढं शिकवलं, तेवढं कंपनीच्या कुठल्याही ट्रेनिंगने शिकवलं नाही. कव्हर घ्यायला येणाऱ्याच्या हातात फोन असतो आणि तोंडात तक्रार. बॅटरी टिकत नाही, बटणं दबत नाहीत, घरात टॉवर येत नाही, गच्चीवर जावं लागतं. प्रसादला फक्त घेताना हसणारी माणसं दिसत. घेऊन महिना झालेली माणसं माझ्याकडे येत. कुठला हँडसेट किती पाण्यात आहे हे मला असं आयतं कळत गेलं. मग प्रसाद बहिणीच्या लग्नाला म्हणून वरंगलला गेला. मी हँडसेटच्या काउंटरवर जाऊन उभी राहिले. तो परत आला तेव्हा मी हललेच नाही. काउंटर दोघांना पुरेल एवढा लांब आहे, हे मी त्याला दाखवून दिलं. बिचारा चांगला होता, सरकला.

तेव्हाची गिऱ्हाइकं आठवली की अजून हसू येतं. आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे, तो काळ. एक वकीलसाहेब होते. त्यांना बोलायला फोन नकोच होता, कमरेच्या पट्ट्याला अडकवायला हवा होता. उंच कुठला, जाड कुठला, एवढंच विचारत. वयस्कर माणसं हँडसेट कानाशी नेऊन बोटाने टकटक करत, बाजारात माठ वाजवून घ्यावा तसा. काचेत आम्ही नकली हँडसेट मांडायचो, नुसतं प्लास्टिकचं खोकं, आत काही नाही. एका गृहस्थांनी बोलता बोलता त्यातला एक खिशात घातला. आणि काही महिन्यांनी "जुना द्या, नवा न्या" योजना आली तेव्हा तोच घेऊन आमच्याचकडे आले. मी तो हातात घेऊन म्हटलं, "साहेब, हा तुमच्याकडे नीट चालला का?" ते म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास!" मी त्यांना चहा पाजला आणि खोकं ठेवून घेतलं.

आता या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. हँडसेट विकणं सोपं. तो डब्यातून निघतो, चार्ज होतो, दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश. पण आतलं सिम जोवर कंपनीकडून चालू होत नाही, तोवर तो फोन आणि आमचं काचेतलं खोकं यात काही फरक नाही. सिम चालू व्हायला कधी तास लागे, कधी दोन दिवस. आणि गर्दीच्या दिवसांत कधी कधी ते होतच नसे. कंपनी म्हणायची, या लॉटमध्ये गडबड झाली, दुसरं सिम द्या. दुसरं सिम म्हणजे दुसरा नंबर. तोवर त्या माणसाने आधीचा नंबर सगळ्या नातेवाइकांना वाटलेला असायचा. दुकानदार सगळ्यांना एकच वाक्य सांगत: "दो घंटे में टॉवर आ जाता." हे वाक्य मी तोंडातून काढायचं नाही असं ठरवलं होतं. माझ्या काउंटरवर एकच नियम. डबा हातात द्यायच्या आधी त्या फोनवरून पहिला फोन माझ्यासमोर लावायचा आणि पलीकडच्याने "हॅलो" म्हणायला पाहिजे. लोक त्यालाही सरावले. कुणी पहिला फोन देवळातल्या पुजाऱ्याला लावी, कुणी सासऱ्याला. सेठना हा नियम म्हणजे वेळेचा नास वाटे, पण माझी गिऱ्हाइकं भांडायला परत येत नसत, म्हणून ते सोसून घेत.

इनकमिंग फुकट झालं आणि त्याच्या पुढच्या दसऱ्याला हा नियम माझ्या नोकरीवर आला.

आमच्या शहरात राहुकाळात कुणी नवी वस्तू सुरू करत नाही. त्यातून दसरा. सकाळपासून दुकान भरलेलं, डबे निवडून झालेले, पण कुणी फोन चालू करू देईना. "राहुकालम जाऊ दे अम्मा," म्हणून सगळे घड्याळाकडे बघत बसलेले. आणि राहुकाळ संपताच आमच्याच नव्हे, अख्ख्या शहरातल्या दुकानांनी एकदम सिम चालू करायला पाठवली. कंपनीची यंत्रणा तिथेच बसली. एकही सिम चालू होईना. कंपनीचा नंबर लागेना. इकडे गर्दी फुटपाथवर उतरलेली.

सेठ माझ्याजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले. त्यांच्या दबक्या आवाजाने चार माणसं वळली. "मॅडम, डब्बे दे डालो. दो घंटे बोलके भेज देओ."

"नाही सेठ. बाकीच्यांना हवं तर प्रसाद देईल. माझ्याकडून चालू झाल्याशिवाय डबा जाणार नाही."

"सीझन है मॅडम!"

"म्हणूनच."

ते पाय आपटत प्रसादकडे गेले. आणि त्याच वेळी माझ्यासमोर एक बुरख्यातली म्हातारी आणि तिचा पंचविशीतला मुलगा येऊन उभे राहिले. मुलाचं नाव आरिफ, आला होता याकूतपुऱ्याहून. संध्याकाळच्या गाडीने नामपल्ली स्टेशनवरून मुंबईला आणि तिथून विमानाने सौदीतल्या दम्मामला निघाला होता, गवंडीकामाला. इतके दिवस व्हिसाच्या मागे पळण्यात गेले, म्हणून आईसाठी फोन घ्यायला हा शेवटचा दिवस उरला होता. घरात दोघंच. आजवर शेजाऱ्यांकडे फोन यायचा आणि ते हाक मारायचे. पण नळाच्या पाण्यावरून भांडण झालं आणि ती हाक बंद झाली.

"मॅडम, नंबर मेरेकू आज च होना," आरिफ म्हणाला. "उधर जाको मेरा पता क्या रहता, मेरेकू च नै मालूम. मैं च अम्मी कू फोन करना पडता."

मी त्याला सिमवरचा नंबर सांगितला असता तर तो लिहून घेऊन खुशाल निघून गेला असता. पण तो नंबर उद्या चालू होईल याची खात्री मला नव्हती. नाही झाला, बदलून दुसरा मिळाला, तर तो कळवायचा कुठे? मुलाचा पत्ता नाही, आईला वाचता येत नाही. दोघं दोन टोकांना आणि मध्ये एक मेलेला नंबर. दुकानात फोन कर म्हणावं, तर सीझनच्या गर्दीत तो कोण उचलेल आणि काय सांगून ठेवून देईल, याचा भरवसा नव्हता. मी दोघांना स्टुलावर बसवलं आणि कंपनीला फोन लावत राहिले. एंगेज. पुन्हा एंगेज. आरिफची नजर घड्याळावरून हलेना. म्हातारी मात्र, आमच्याकडे लेकीलाही लाडाने "मां" म्हणतात तशी, माझ्याकडे बघून एकसारखी म्हणत होती, "परेशान नक्को होओ मां, हो जाता."

गाडीची वेळ जवळ आली. आरिफ उठला. "जाऊं क्या मॅडम? दो घंटे में चालू हो जाता बोलरें वो भाई." प्रसादने त्याला ते वाक्य ऐकवलं होतं.

काउंटरवर माझ्या हाताशी दुकानाचा स्वतःचा मोबाइल पडलेला होता. गिऱ्हाइकांना आवाज कसा येतो ते दाखवायला आम्ही तोच वापरायचो. आत चालू सिम. नंबर सेठनी ज्योतिषाला विचारून घेतलेला, शेवटचे चारही आकडे सारखे. दुकानाच्या पाटीवर हातभर मोठ्या आकड्यांत रंगवलेला. मी त्याची मागची बाजू उघडली, सिम काढलं आणि म्हातारीच्या नव्या फोनमध्ये घातलं. विचार फार केला असं नाही. करत बसले असते तर गाडी गेली असती.

"हा घे नंबर," मी आरिफला म्हटलं. "लिहू नकोस, पाठ कर. बाहेरच्या पाटीवर आहे, बघ."

त्याने दुकानाबाहेर जाऊन पाटी बघत तो नंबर मोठ्याने म्हटला, पुन्हा पुन्हा, देवळात मंत्र म्हणावा तसा. मग समोरच्या एसटीडी बूथवरून लावला. आत स्टुलावर बसलेल्या आईच्या हातात फोन वाजला. मी तिला हिरवं बटण दाखवलं. रस्त्याच्या पलीकडून मुलगा आणि अलीकडून आई एकमेकांकडे बघत बोलले. काय बोलले ते ऐकू आलं, पण ते त्यांचं आहे. आरिफ तिथूनच रिक्षात बसला आणि नामपल्लीला गेला.

सेठना दुसऱ्या दिवशी कळलं. कळलं कसं, तर त्यांचे मेहुणे तावातावाने दुकानात आले. "तेरे दुकान का फोन कोई बुढ्ढी उठारई. मैं पूछा सेठ है क्या, तो बोली, नै बेटा, मॅडम से मिलो, अच्छी है!"

सेठ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपर उघडला नाही, यावरून प्रकरण किती तापलंय हे माझ्या लक्षात आलं. पाटी रंगवायला काय लागलं, नंबर मिळवायला किती खेटे घातले, सगळ्या बिलांवर, पिशव्यांवर तोच छापलाय, हे सगळं त्यांनी गर्दीसमोर ऐकवलं. त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी म्हणाले, "नंबर वापस लाओ. नै तो कल से नक्को आओ."

"आणीन सेठ. त्या पोराचा एक फोन येऊ दे. तो आला की म्हातारी त्याला दुसरा नंबर सांगेल आणि मी स्वतः जाऊन सिम घेऊन येईन. त्याच्या आधी नाही."

"और नै आया तो?"

"नाही आला तर तिच्याकडे तो नंबर असणं जास्तच गरजेचं आहे."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला आले आणि काउंटरवर उभी राहिले. सेठनी माझ्याकडे बघितलं नाही. "जा" म्हणाले नाहीत, "ये" म्हणाले नाहीत. त्या दिवसांत घरी सासूबाईंनाही काही बोलले नाही. नोकरी जाणार की राहणार, हे मलाच माहीत नव्हतं. भीती वाटत होती, सरळ सांगते. घर माझ्या पगारावर चालत होतं. पण आरिफ तिकडे पोचून बूथवर उभा आहे, नंबर फिरवतोय आणि इकडे माझ्या घाबरटपणामुळे दुसरंच कुणी उचलतंय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की पाय रोवून उभं राहणं सोपं जाई.

मधल्या काळात त्या म्हातारीने आमचं दुकान चालवलं म्हणा ना. हँडसेटची किंमत विचारणाऱ्याला ती सांगायची, "दाम मेरेकू नै मालूम, दुकान पो आओ." कुणी बिघडल्याची तक्रार केली की "बंद करको फिर खोलो, बेटा." हे तिला मीच तिच्या फोनसाठी शिकवलं होतं. निम्म्या तक्रारी तेवढ्याने मिटत. मी रोज तिला फोन करून विचारायची, "खाला, आया क्या?" ती म्हणायची, "नै मां. आ जाता. काम में हुईंगा." आवाज रोज थोडा बारीक होत होता.

आठवड्याभराने कंपनीचा माणूस आला. दसऱ्याचा तो सिमचा लॉट रद्द झाला, म्हणाला. म्हणजे आरिफला मी जो नंबर दिला नव्हता, तो कधीच चालू होणार नव्हता. त्याने बदली सिम दिली, ती तासाभरात चालू झाली. त्या दिवसापासून प्रसादनेही डबा द्यायच्या आधी फोन लावून बघायला सुरुवात केली.

सेठनी त्यातलं एक सिम उचललं. "अब ये बुढ्ढी कू देके वो वापस लाओ. बहुत हुआ." आणि माझी वाट न बघता त्यांनी दुकानातल्या लँडलाइनवरून आपलाच नंबर फिरवला. हातात पिशव्यांचा गठ्ठा होता म्हणून स्पीकर लावला. एकच रिंग वाजली असेल.

"आरिफ?" पलीकडून आवाज आला. "आरिफ, बोल बेटा. पहुँच गया?"

सेठनी पिशव्या काउंटरवर ठेवल्या. तो आवाज पुन्हा म्हणाला, "बेटा? सुनाई दे रा?"

"नै अम्मा," सेठ म्हणाले. त्या माणसाला इतक्या हळू बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. "दुकान से बोलरौं. फोन बराबर चलरा क्या, पूछने कू करा."

"चलरा बेटा, अच्छा चलरा. अल्ला खुश रक्खे."

सेठनी फोन ठेवला, पेपर उघडला आणि त्यामागून प्रसादला म्हणाले, "पेंटर कू बुला." दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा शिडीवर चढून पेंटर पाटीवरचा जुना नंबर पांढऱ्या रंगाने पुसत होता. सेठ खाली उभे राहून त्याच्यावर ओरडत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "क्या देखरें मॅडम, कस्टमर खडे हैं अंदर." त्यांना त्या वेळी काय वाटलं ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, आता ते नाहीत.

पाटी बदलली, नव्या पिशव्या छापून आल्या, तसे दुकानाचे फोन म्हातारीकडे जायचे थांबत गेले. आणि मग एका दुपारी ती स्वतःच दुकानात आली. बुरख्याची जाळी वर केलेली, दोन्ही हातांत फोन धरलेला. आत आल्या आल्या तिने गर्दीची पर्वा न करता सांगून टाकलं, "आया मां! कल आया!"

मी काउंटर सोडून बाहेर आले. सेठही गल्ल्यावरून उठले. मुलगा सुखरूप होता, खोली मिळाली होती, जेवण बरं होतं. मला गलबलून आलं आणि मी तिचे हात धरले, फोनसकट. मग विचारलं, "खाला, पण इतके दिवस का लावले त्याने?"

म्हातारी हसली. दोन दात उरले होते, तेवढेही दिसले.

"वो तो पहुँचे सो दिन से लगारा था, मां! उल्टा मेरे पो च गुस्सा करा. बोला, अम्मी, जब देखो तुम्हारा फोन बिझी. किससे बातां करते बैठते? मैं बोली, बेटा, दुकान संभालरई थी."